हात इथे, आवाज तिथे

मिडी कीबोर्ड पहिल्यांदा घरी आणणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: हा वाजत का नाही? खोके उघडले, यूएसबीची वायर संगणकाला लावली, दिवा लागला, पट्टी दाबली आणि काहीच ऐकू आले नाही. आयुष्यभर हार्मोनियम वाजवलेल्या माणसाला हे विशेष खटकते, कारण भाता हलवून पट्टी दाबली की सूर निघणार याबद्दल त्याला कधी शंकाच आलेली नसते. मग नग खराब आहे, दुकानदाराने फसवले, संगणक जुना झाला, असे तर्क सुरू होतात. कितीतरी चांगले कीबोर्ड या टप्प्यावरच कपाटावर जाऊन पडतात.

नग बहुधा खराब नसतो. मिडी कीबोर्डच्या, म्हणजेच मिडी कंट्रोलरच्या, आत आवाजच नसतो. त्यात सूर नाहीत, स्पीकर नाही, ध्वनी घडवणारी चिप नाही. कोणती पट्टी दाबली, किती वेगाने दाबली आणि कधी सोडली, एवढेच तो संगणकाला कळवतो. आवाज संगणकातल्या एका वेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये घडतो आणि साउंड कार्डाच्या वाटेने कानापर्यंत येतो. हात, निरोप, आवाज आणि कान अशा या चार जागा आहेत. पेटीत त्या एकाच लाकडी खोक्यात नांदतात, म्हणून पेटीवाल्याला त्या वेगळ्या करून पाहण्याची वेळ येत नाही. संगणकापुढे बसताना मात्र त्या वेगळ्या कराव्याच लागतात. एकदा तसे झाले की जोडणी, वापर आणि बिघाड या तिन्ही गोष्टी आपोआप उलगडत जातात. पुढच्या पानांत जे काही सांगितले आहे ते सगळे याच एका समजुतीवर उभे आहे.

हे पुस्तक लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे ठरावीक माणसे होती. भजनी मंडळात पेटी वाजवणारे बुवा, एकांकिकेचे पार्श्वसंगीत रात्री जागून बसवणारे कॉलेजातले विद्यार्थी, शाळेत संगीत शिकवणाऱ्या बाई, ऑर्केस्ट्रात कीबोर्ड सांभाळणारी मुले, परदेशात राहून घरातल्या लहानग्यांना मराठी गाणी शिकवणारे आईवडील. यांच्यापाशी संगीत असते, हात तयार असतो. अडते ते संगणकापाशी. इंग्रजीत या विषयावर भरपूर लेखन आहे, पण ते बहुतांशी पियानो शिकलेल्या वाचकासाठी आहे. काळी चारमध्ये गाणाऱ्या गायिकेला साथ करायची असेल तर कीबोर्ड कसा लावावा, याचे उत्तर तिथे मिळत नाही.

थोडा इतिहास सांगणे भाग आहे, कारण आजची सगळी सोय त्यातून आली. 1980 च्या आसपास प्रत्येक कंपनीचा सिंथेसायझर आपल्यापुरता स्वतंत्र होता. एका कंपनीच्या वाद्याने दुसऱ्या कंपनीचे वाद्य वाजवायचे म्हटले तर सोपा मार्ग नव्हता. जपानमध्ये रोलँडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी आणि अमेरिकेत सिक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ यांनी या गोष्टीचा पिच्छा पुरवला. स्मिथ आणि त्यांचे सहकारी चेट वुड यांनी 1981 मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीपुढे सर्व सिंथेसायझरांसाठी सामाईक जोडणीचा प्रस्ताव मांडला. यामाहा, कॉर्ग आणि कावाई या प्रतिस्पर्धी कंपन्याही बोलणीत सामील झाल्या. जानेवारी 1983 मध्ये कॅलिफोर्नियातल्या नॅम प्रदर्शनात सिक्वेन्शियलचा प्रॉफेट-600 आणि रोलँडचा ज्युपिटर-6 वायरीने जोडले गेले आणि एकावर वाजवलेले दुसऱ्यातून ऐकू आले. त्याच वर्षी मिडी 1.0 चे नियम प्रसिद्ध झाले. ते वापरण्यासाठी कोणाकडूनही शुल्क घ्यायचे नाही, हा निर्णय मला त्या तंत्राइतकाच मोठा वाटतो. आज स्वस्तातला छोटा कीबोर्ड आणि स्टुडिओतला महागडा कीबोर्ड एकच भाषा बोलतात, ते त्या निर्णयामुळे. 2013 मध्ये काकेहाशी आणि स्मिथ यांना तांत्रिक कामगिरीसाठी ग्रॅमी देण्यात आला. 2020 मध्ये मिडी 2.0 आले, तरी 1983 मध्ये ठरलेले निरोप अजून जसेच्या तसे चालतात.

मिडी हे नाव कानावर येण्याआधीच मराठी श्रोत्याने त्याचे काम पाहिलेले आहे. गणपतीच्या मिरवणुकीतल्या बेंजो पार्टीत, लग्नाच्या वरातीत, ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड दिसतोच. रोलँडचा पहिला ऑक्टोपॅड, म्हणजे पॅड-8, 1985 मध्ये बाजारात आला तेव्हा त्याच्या आत स्वतःचा एकही आवाज नव्हता. आठ रबरी चौकोनांवर काठी पडायची, मिडीच्या वायरीतून निरोप जायचा आणि ढोल किंवा झांज वाजायची ती दुसऱ्याच यंत्रात. नंतरच्या काळातल्या ऑक्टोपॅडमध्ये आवाज आत आले आणि ही मूळ विभागणी लोकांच्या नजरेआड झाली. मिडी कीबोर्ड त्या पहिल्या ऑक्टोपॅडच्याच जातीचा आहे.

आता निरोपात काय असते ते पाहू. पट्टी दाबली की तीन आकड्यांचा एक गट निघतो. पहिल्यात 'स्वर सुरू' हा हुकूम आणि 1 ते 16 पैकी चॅनेल असते. दुसरा आकडा पट्टीचा क्रमांक सांगतो, 0 ते 127 मधला. पियानोच्या मध्यावरची सी, म्हणजे आपल्या हिशेबाने मधल्या सप्तकातली पांढरी एक, हिचा क्रमांक 60. तिच्या शेजारची काळी एक 61, काळी दोन 63, पांढरी चार 65, काळी चार 68, काळी पाच 70. हे क्रमांक पाठ करून ठेवावेत असा माझा आग्रह आहे, कारण कंपन्या सप्तकांना वेगवेगळी नावे देतात. यामाहा ज्या पट्टीला सी-3 म्हणते तिला दुसऱ्या अनेक कंपन्या सी-4 म्हणतात. 60 मात्र सगळीकडे 60 च असतो. तिसरा आकडा वेगाचा. वेग ओळखणाऱ्या कीबोर्डात पट्टीखाली सहसा दोन संपर्कबिंदू असतात. पहिला जुळल्यापासून दुसरा जुळेपर्यंत किती वेळ गेला त्यावरून पट्टी किती वेगाने खाली गेली ते ठरते. आपण त्याला जोर म्हणतो, पण यंत्र वेळच मोजत असते. पट्टी सोडली की 'स्वर बंद' हा वेगळा निरोप जातो. हा दुसरा निरोप लक्षात ठेवा, बिघाडाच्या वेळी तो उपयोगी पडेल.

निरोपात आवाजाचा मागमूस नाही, हे पटायला एक ओळखीचे उदाहरण पुरेल. संगणकावर टाइप करताना आपण 'क' ची कळ दाबतो. तो 'क' कोणत्या फाँटमध्ये उमटेल हे कळ ठरवत नाही आणि लिहून झाल्यावरही फाँट बदलता येतो. तसाच वाजवून झाल्यावर सतारीचा ऑर्गन करता येतो.

कीबोर्ड कोणता घ्यावा, हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो. माझे पहिले उत्तर असे की आधी घरातला जुना कीबोर्ड उलटा करून पाहा. आपल्याकडे घरोघरी यामाहाचे पीएसआर मालिकेतले किंवा कॅसिओचे कीबोर्ड आहेत. त्यातल्या पुष्कळांच्या पाठीमागे 'यूएसबी टू होस्ट' असे लिहिलेले चौकोनी भोक असते. प्रिंटरला जी केबल लागते तीच तिथे लागते. ती संगणकाला जोडली की तोच कीबोर्ड मिडी कंट्रोलर होतो, नवीन खर्च करावाच लागत नाही. फक्त त्याचा स्वतःचा आवाज आणि संगणकाचा आवाज एकदमच ऐकू येतो. त्यासाठी त्याच्या मेनूमध्ये 'लोकल कंट्रोल' बंद करायचा. मग पट्ट्या संगणकाशी बोलतात आणि कीबोर्डचा आपला आवाज गप्प राहतो. काही मॉडेलांत ही सोय नसते, तिथे त्याचा आवाज शून्यावर आणला तरी काम भागते.

नवीनच घ्यायचा असेल तर पेटी वाजवणाऱ्याने 49 पट्ट्यांचा घ्यावा, हे माझे स्पष्ट मत. साडेतीन सप्तकांच्या पेटीला 42 पट्ट्या असतात. 49 मध्ये तो सगळा विस्तार मावतो आणि वर थोडी जागा उरते. 25 पट्ट्यांचे छोटे कीबोर्ड प्रवासाला आणि ताल भरायला उत्तम, पण मंद्रातून तारात जाताना ऑक्टेव्हचे बटण शोधत बसावे लागते. शिवाय त्यातल्या अनेकांच्या पट्ट्या अरुंद असतात आणि पेटीवर तयार झालेली बोटे तिथे अडखळतात. 61 पट्ट्यांचा घेतला तरी हरकत नाही, मात्र टेबलावरची जागा आधी मोजा. ज्याला पियानोच शिकायचा आहे त्यानेच 88 जड पट्ट्यांच्या वाटेला जावे.

जोडणी आता पूर्वीइतकी अवघड राहिलेली नाही. यूएसबीवरून मिडी कसे चालावे याचा नियम 1999 मध्ये ठरला आणि तो पाळणारे कीबोर्ड विंडोज, मॅक किंवा लिनक्सवर वेगळा ड्रायव्हर न घालता ओळखले जातात. कीबोर्ड शक्यतो थेट संगणकाला लावावा. स्वतःची वीज नसलेल्या स्वस्त हबमधून कधीकधी पुरेसा पुरवठा मिळत नाही. वायर कोणती आहे तेही पाहा. फोन चार्ज करण्यासाठी मिळणाऱ्या काही वायरींमधून फक्त वीज जाते, माहिती जात नाही. कीबोर्डचा दिवा लागतो आणि संगणकाला त्याचा पत्ताच नसतो, तेव्हा आधी वायर बदलून पाहावी.

त्यानंतर रेकॉर्डिंगचे सॉफ्टवेअर हवे. मॅकवर गॅरेजबँड फुकट मिळते. विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर रीपर आणि आर्डोर चालतात. कोणतेही घेतले तरी करायचे तेच असते. सेटिंगमध्ये जाऊन आपल्या कीबोर्डच्या नावापुढची मिडी इनपुटची खूण लावायची. एक ट्रॅक उघडून त्यावर वाद्याचे प्लगइन, म्हणजे आवाज घडवणारे ते वेगळे सॉफ्टवेअर, ठेवायचे. तो ट्रॅक रेकॉर्डिंगसाठी सज्ज करायचा, म्हणजे बहुधा लाल गोळा दाबायचा, आणि मॉनिटर चालू आहे ना ते पाहायचे. यातली एक जरी गोष्ट राहिली तरी निरोप येतो आणि दाराशीच थांबतो. नवशिक्याकडून सर्वाधिक वेळा राहते ते वाद्याचे प्लगइन ठेवणे, कारण कीबोर्ड म्हणजेच वाद्य ही सवय मनातून जात नाही.

आवाज आला की दुसरी तक्रार सुरू होते: पट्टी दाबल्यावर उशिरा वाजते. लोक कीबोर्डला दोष देतात. खरे तर जुन्या पाच पिनांच्या मिडी वायरीतूनसुद्धा, सेकंदाला 31,250 बिट या गतीने, एका स्वराचा निरोप एक मिलिसेकंद पुरा होण्याआधी पोहोचतो. उशीर आवाजाच्या जागी होतो. संगणक ध्वनी एकेक थेंब न पाठवता गठ्ठ्यागठ्ठ्याने साउंड कार्डाकडे देतो, त्या गठ्ठ्याला बफर म्हणतात. सेकंदाला 44,100 नमुने या दराने 1024 नमुन्यांचा बफर म्हणजे सुमारे 23 मिलिसेकंद, 256 चा म्हणजे सहाहून कमी. त्यात बाकीच्या टप्प्यांचा वेळ मिळून जे होते ते बोटांना जाणवते. हवेत आवाज 10 मिलिसेकंदांत साधारण साडेतीन मीटर जातो, म्हणून तेवढा उशीर स्पीकर खोलीच्या पलीकडच्या भिंतीशी ठेवल्यासारखा असतो आणि हात त्याच्याशी जुळवून घेतो. उशीर 30-40 मिलिसेकंदांच्या पुढे गेला की द्रुत लयीतली तान विस्कटते.

उपाय साधा आहे. वाजवताना बफर 128 किंवा 256 वर ठेवा. आवाज तडतडू लागला तर एक पायरी वाढवा. रेकॉर्डिंग संपून मिक्सिंग करताना 1024 वर न्या. मॅकवर कोअर ऑडिओ मुळातच चांगली आहे. विंडोजवर स्टाइनबर्गने आणलेल्या असिओ पद्धतीचा ड्रायव्हर वापरा. लॅपटॉपच्या अंगच्या साउंड कार्डासाठी असिओ-फॉर-ऑल नावाचा फुकट ड्रायव्हर मिळतो, पण पुढे हे काम नियमित करायचे असेल तर वेगळा ऑडिओ इंटरफेस घेणे हा कीबोर्डवरच्या खर्चापेक्षाही जास्त कारणी लागणारा खर्च आहे. ब्लूटूथचे हेडफोन किंवा स्पीकर वाजवताना वापरूच नयेत. नेहमीच्या ब्लूटूथमध्ये होणारा उशीर बफर कितीही कमी केला तरी जात नाही.

इथपर्यंतचे ज्ञान कोणत्याही भाषेतल्या वाचकाला लागेल. इथून पुढे आपले प्रश्न सुरू होतात, आणि मला खरी ओढ त्यांचीच आहे.

पियानोत पट्टी जोरात दाबली की आवाज मोठा येतो. मिडी कीबोर्ड त्याच कल्पनेवर घडलेला आहे. पेटीत पट्टी कशीही दाबा, आवाजाचा लहानमोठेपणा भात्याच्या हवेवर ठरतो. पेटीवाला मिडी कीबोर्डवर बसला की त्याची बोटे एकसारख्या वेगाने पडत नाहीत, कारण पेटीवर तशी गरजच नव्हती. परिणामी संगणकातून एक स्वर दणकन आणि दुसरा दबका असा खडबडीत आवाज येतो. तो स्वतःच्या हाताला नावे ठेवतो. हात निर्दोष असतो. कीबोर्डवर किंवा सॉफ्टवेअरमध्ये वेग एका ठरावीक आकड्यावर, समजा 100 वर, बांधून टाकावा आणि भात्याचे काम दुसऱ्या निरोपाकडे सोपवावे. मिडीत 0 ते 127 असे क्रमांक दिलेले नियंत्रणाचे निरोप असतात: 1 म्हणजे मॉड्युलेशनचे चाक, 7 म्हणजे व्हॉल्यूम, 11 म्हणजे एक्स्प्रेशन, 64 म्हणजे सस्टेनचे पेडल. कीबोर्डच्या डाव्या टोकाला मॉड्युलेशनचे जे चाक असते ते 11 शी जोडावे. म्हणजे डावा हात पुन्हा भात्यावर आल्यासारखा होतो. भात्याने श्वास देण्याची सवय ज्याने वर्षानुवर्षे कमावली आहे त्याने डावा हात रिकामा ठेवणे म्हणजे आपली अर्धी कला बाजूला ठेवणे आहे. पायाची सवय असलेल्या ऑर्गनवादकाने हेच काम एक्स्प्रेशन पेडलकडे द्यावे.

खर्ज, नर, मादी असे सुरांचे संचही उभे करता येतात. एकाच ट्रॅकवर तोच आवाज दोनदा किंवा तीनदा ठेवायचा, एक सप्तकभर खाली उतरवायचा, उरलेल्यांत किंचित फरक ठेवायचा. कपलर हवा असेल तर मिडी निरोपाची एक प्रत 12 ने वाढवून पाठवायची. या गोष्टी करून पाहताना पेटीच्या आत कारागिराने काय केले आहे ते नव्याने समजते.

पट्टी बदलण्याचा प्रश्नही असाच. बहुतेक कंट्रोलरवर ट्रान्सपोजची सोय असते. स्केल चेंजर पेटीत पट्ट्यांची चौकट सरकवून जे साधतात तेच इथे क्रमांकात बेरीज करून होते. काळी एकची बोटे ठेवून काळी चारचा आवाज हवा असेल तर 7 मिळवायचे. साथीच्या घाईत ही सोय मोलाची आहे. विद्यार्थ्याने मात्र निदान चार-पाच पट्ट्यांत हात फिरवूनच तिच्याकडे वळावे, नाहीतर एक दिवस साधी पेटी समोर येते आणि बोटे गोठतात. एक खबरदारी घ्यावी: ट्रान्सपोज कीबोर्डवर करा किंवा सॉफ्टवेअरमध्ये करा, दोन्हीकडे करू नका.

सर्वांत नाजूक विषय सुरांचा. 1940 मध्ये ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती शिथिल व्हायला 1971 उजाडले. पट्ट्यांच्या वाद्यात श्रुती नाहीत, मींड नाही, हे त्यामागचे आक्षेप होते. त्या काळाआधी 1911 च्या 'संगीत मानापमान'ला संगीत देणारे गोविंदराव टेंबे आणि त्यानंतर पी. मधुकर, अप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर यांनी त्या आक्षेपांना वाजवूनच उत्तर दिले. मिडी कीबोर्डवर हेच आक्षेप दुपटीने येतात आणि त्यातला पहिला आक्षेप आज बऱ्याच अंशी मोडून काढता येतो.

सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग. नेहमीच्या समान अंतराच्या सप्तकात शुद्ध गंधार षड्जापासून 400 सेंटवर असतो. तंबोऱ्यात आपसूक ऐकू येणारा गंधार 386 सेंटच्या जवळ आहे. 14 सेंटचा हा चढेपणा भूपासारख्या रागात चांगल्या कानाला सतत टोचतो. धैवतात फरक आणखी थोडा जास्त, 5 ला 3 या प्रमाणाचा धैवत 884 सेंटवर येतो. पंचम जवळजवळ निर्दोष आहे, दोनच सेंटचा फरक. पेटीत हे दुरुस्त करायचे तर सूर घासावे लागतात आणि मग ती एकाच पट्टीपुरती उरते. संगणकात आकडे बदलले की झाले. लॉजिक प्रोमध्ये बारा स्वर सेंटच्या हिशेबाने हवे तसे लावता येतात. सर्ज एक्सटी हा फुकट मिळणारा सिंथेसायझर स्काला नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलीतून सप्तक वाचतो. गायिकेची पट्टी बदलली तर षड्ज दुसऱ्या क्रमांकावर ठेवायचा आणि सगळी श्रुतीव्यवस्था तिथे सरकते. वेगवेगळ्या रागांसाठी वेगवेगळ्या फाइली करून ठेवता येतात. तंबोरा लावून, कानाने ऐकून हे करावे. आकडे सुरुवातीला दिशा दाखवण्यापुरते घ्यावेत.

मींडेचा आक्षेप अजून पुरता मिटलेला नाही. पिच बेंडचे चाक 16,384 पायऱ्यांत सूर सरकवते, पण ते त्या चॅनेलवर वाजणाऱ्या सगळ्या स्वरांना एकदम सरकवते. सुरुवातीला त्याची मर्यादा बहुधा वरखाली दोन अर्धस्वरांची असते. वाद्याच्या सेटिंगमध्ये ती वाढवता येते. 2018 मध्ये मान्य झालेल्या एमपीई पद्धतीत प्रत्येक स्वराला स्वतंत्र चॅनेल मिळते आणि तसे खास कीबोर्ड असतील तर प्रत्येक बोट आपापला सूर ओढू शकते. ते महाग आहेत आणि त्यांची बोटे नव्याने शिकावी लागतात. साध्या चाकावर एकाच स्वराची मींड रियाजाने चांगली साधते. दरबारीच्या गंधाराचे आंदोलन साधते असे मी म्हणणार नाही.

रेकॉर्डिंगबद्दल एकच सांगतो, बाकीचे पुस्तकात आहे. मिडी रेकॉर्डिंगमध्ये आवाज साठत नाही, हालचाली साठतात. स्टीरिओ ध्वनीच्या एका मिनिटाला सुमारे 10 मेगाबाइट लागतात. तेवढ्याच वादनाची मिडी फाइल त्याच्या शंभराव्या भागातही बसते. चुकलेला स्वर उचलून जागेवर ठेवता येतो, पट्टी बदलता येते, लय कमी करता येते. या सोयींमध्ये क्वांटाइझ नावाची एक सोय धोक्याची आहे. ती प्रत्येक स्वर मात्रेच्या नेमक्या रेघेवर नेऊन ठेवते. भावगीतात शब्द समेच्या किंचित मागे रेंगाळतो, ठुमरीच्या अंगाचा तुकडा पुढे धावतो, ते सगळे तिच्या एका दाबात पुसले जाते. वापरायचीच असेल तर तिची तीव्रता अर्ध्याहून कमी ठेवा आणि मूळ वादनाची प्रत जपून ठेवा.

बिघाड शोधताना पुन्हा त्याच चार जागांवरून चाला. सॉफ्टवेअरमध्ये मिडी आल्याचा दिवा किंवा पट्टा लुकलुकतो. पट्टी दाबल्यावर तो हलला तर हात आणि निरोप ठीक आहेत. दोष वाद्याच्या प्लगइनमध्ये किंवा आवाज बाहेर जाण्याच्या वाटेत आहे. तो हललाच नाही तर वायर, इनपुटची खूण आणि दुसऱ्या एखाद्या उघड्या सॉफ्टवेअरने कीबोर्ड अडवून ठेवला आहे का, हे पाहा. विंडोजवर असे होऊ शकते. एखादा स्वर थांबतच नसेल तर त्याचा 'स्वर बंद' निरोप वाटेत हरवला आहे, सगळे स्वर बंद करणारे पॅनिकचे बटण दाबा. सस्टेनचे पेडल उलटे चालत असेल तर बहुधा कीबोर्ड सुरू करताना पेडलवर पाय होता; तो काढून कीबोर्ड बंद करून पुन्हा सुरू करा. काहीही उघडून पाहण्याआधी किंवा दुरुस्तीला नेण्याआधी हा दिवा पाहायचा, एवढी शिस्त लागली तरी या पुस्तकाचे काम झाले.

आणि एक मागणी आहे. आवाज कीबोर्डच्या बाहेर असतो, तर तो कोणी ठरवला? 1991 मध्ये जनरल मिडी नावाची 128 आवाजांची सर्वमान्य यादी झाली. तिच्यात 105 व्या जागी सतार आहे, 112 व्या जागी शहनाई आहे. हार्मोनियम नाही. 21 व्या जागी रीड ऑर्गन आहे, पण तो आपल्या पेटीसारखा वाजत नाही. तबला नाही, मग पखवाज आणि ढोलकीचे तर नावच नको. त्यानंतर हार्मोनियमचे आवाज अनेकांनी विकायला आणले, पण आपल्याकडच्या जुन्या पेट्यांचा, संगीत नाटकांत पायाने वाजवल्या गेलेल्या ऑर्गनांचा रंग त्यांत मला भेटलेला नाही. ही वाद्ये घरांच्या माळ्यांवर, नाट्यसंस्थांच्या खोल्यांत, देवळांत पडून आहेत आणि त्यांचे सूर दरवर्षी एकेक करून गंजत आहेत.

हे काम आपणच करू शकतो. 42 पट्ट्यांची पेटी, प्रत्येक पट्टी मंद, मध्यम आणि भरलेल्या भात्यावर अशी तीनदा ध्वनिमुद्रित केली तर 126 नमुने होतात. शांत खोली, एक बरा माइक आणि एखादा रविवार पुरतो. एसएफझेड ही साध्या मजकुराची फाइल असते, तिच्यात कोणता नमुना कोणत्या क्रमांकाच्या पट्टीला हे लिहायचे, आणि स्फोर्झांडोसारख्या फुकट प्लगइनमध्ये ती उघडायची. शेवटचे प्रकरण याच कृतीचे आहे. वाचकांना माझी विनंती आहे की हे पुस्तक वाचून कीबोर्ड सुरू झाला, की आपल्या गावातल्या एका तरी जुन्या वाद्याचे सूर असे उतरवून घ्या आणि ते इतरांना वापरायला मोकळे ठेवा.